संकल्पांच्या वह्या

राज्यांनी एकमेकांशी केलेले तह दप्तरांत सापडतात. सावकार आणि कुळे यांच्यामधले कागद कोर्टकचेऱ्यांतून निघतात. परंतु माणसाने स्वतःशीच केलेले करार मात्र कोठेही नोंदलेले नसतात. उद्यापासून पहाटे उठेन, तपकीर सोडीन, मुलांवर ओरडणार नाही, रोजचा जमाखर्च लिहीन, असे करार घरोघर होतात आणि बहुधा आठवड्याच्या आत मोडतात. करणारा एकटा, मोडणाराही तोच, आणि फिर्याद करावी तर दुसरा पक्षच नाही! त्यामुळे मनुष्यजातीच्या या सर्वांत जुन्या आणि सर्वांत फसलेल्या उद्योगाचा इतिहास लिहू म्हणणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

आपल्या भाषेत या विषयावर दोन म्हणी आहेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही एक. आणि प्रयत्नांती परमेश्वर, ही दुसरी. दोन्ही एकाच तोंडातून निघतात. पहिली आपण शेजाऱ्याविषयी वापरतो, दुसरी स्वतःविषयी. दोहोंपैकी खरी कोणती, हे ठरवायला पुरावा हवा, आणि पुरावा अगदीच नाही असे नाही. गेल्या साडेतीनशे वर्षांत काही थोड्या माणसांनी आपले संकल्प आणि त्या संकल्पांचे झालेले हाल प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहेत. अशा तीन-चार वह्या आज उघडून पाहाव्यात असा आमचा विचार आहे. संकल्प मोडतो तो मनाचा निर्धार दुबळा म्हणून, असे आपण सर्रास समजतो. आम्हांला ते पुरते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण या वह्यांतच आहे.

पहिली वही लंडनच्या सॅम्युएल पीप्सची. हा आरमाराच्या कचेरीतला अधिकारी. १ जानेवारी १६६० रोजी त्याने रोजनिशी सुरू केली आणि डोळे जातील या भीतीने १६६९ च्या मे अखेरीस ती बंद केली. ती त्याने लघुलिपीत लिहिली होती. तिचा उलगडा होऊन काही भाग प्रथम छापला गेला तो १८२५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी. पीप्सला दोन नाद होते, दारू आणि नाटक. १६४२ पासून बंद पडलेली इंग्लंडातली नाटकगृहे १६६० साली राजा परत आल्यावर उघडली होती. अठरा वर्षे उपाशी राहिलेल्या शहरापुढे ताट वाढले गेले होते म्हणा ना! पीप्स कचेरी सोडून नाटकाला जाई, तेथून मित्रांबरोबर गुत्त्यात, आणि दुसऱ्या दिवशी डोके धरून बसे. १६६१ च्या शेवटच्या दिवशी त्याने नोंद केली की, आपण दारू आणि नाटक यांविरुद्ध शपथ घेतली असून ती लिहून जवळ ठेवली आहे. पुढच्याच महिन्यात तो समाधानाने लिहितो की, दारू सोडल्यापासून तब्येत सुधारली, कामात लक्ष लागते, पैसा वाचतो, रिकामटेकड्यांत वेळ जात नाही.

येथवर गोष्ट बोधकथेसारखी आहे. पण पीप्स कारकुनी कसबात मुरलेला माणूस होता. शपथेचा मसुदा त्याने करारनाम्यासारखा कलमवार केला होता. मोडल्यास गरिबांच्या पेटीत दंड टाकायचा, मुदत संपली की नवी शपथ घ्यायची, आणि रविवारी सगळी कलमे पुन्हा वाचून काढायची. कलमे आली की पळवाटा आल्याच. २९ ऑक्टोबर १६६३ रोजी लंडनच्या महापौरांच्या मेजवानीत त्याने ‘हिपोक्रास’ नावाचे पेय घेतले. मसाला आणि साखर घातलेली ती द्राक्षाची दारूच. पीप्स लिहितो की हे मिश्रण आहे, निव्वळ दारू नव्हे, सबब शपथ मोडली नाही. आणि आपली समजूत चुकीची असल्यास देवाने क्षमा करावी, अशी पुस्तीही जोडतो. पुढे १६६४ च्या ऑगस्टात त्याने एका मित्राला पैसे उसने दिले आणि त्याच पैशांनी त्या मित्राकडून आपल्याला व बायकोला नाटक दाखवून घेतले. स्वतःच्या पैशाने नाटक पाहणार नाही, असे कलम होते ना! ही लबाडी होय, हे त्याने त्याच नोंदीत कबूल केले आहे, आणि पुन्हा असे करणार नाही अशी आणखी एक शपथ घेतली आहे.

पीप्सला हसणे सोपे आहे. परंतु त्याच्या हिशेबी शपथांनी त्याचे आयुष्य सुधारले, हेही खरे. नाटक सुटले नाही, पण आटोक्यात आले. कचेरीतला एक साधा माणूस इंग्रजी आरमाराच्या कारभाराचा मोठा सुधारक म्हणून पुढे नावाजला गेला, त्याची पायाभरणी याच वर्षांत झाली. पेटीत टाकलेला दंड, रविवारचे वाचन आणि मुदत ही तीन साधने त्याने हाताशी ठेवली होती. यांतले एकही मनाच्या आत नव्हते, हे येथे लक्षात ठेवू.

दुसरी वही सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून तिच्यापाशी फार थांबत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात ऐन तारुण्यात तेरा सद्गुणांची यादी केली. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग अशी ती चढत जाते आणि विनयापाशी संपते. मूळ यादी बाराचीच होती. तुझ्या बोलण्यात गर्व फार, असे एका क्वेकर स्नेह्याने सांगितले, तेव्हा तेरावा सद्गुण जोडला गेला. प्रत्येक गुणाला वहीचे एक पान, पानावर सात वारांचे सात रकाने, आणि चूक झाली की काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष नजर ठेवायची. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई, वर्षात चार फेऱ्या. ठिपके खोडून खोडून कागदाला भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पाने घेतली, म्हणजे ओल्या स्पंजाने पुसता येत.

हे सर्व त्याने लिहिले १७८४ साली, पॅरिसजवळच्या पासी गावी, वयाच्या ७८ व्या वर्षी. यशस्वी माणसाने म्हातारपणी सांगितलेली यशाची हकीकत जरा हात राखूनच घ्यावी. पण फ्रँकलिन खुशालचेंडू नव्हता. त्याने दोन गोष्टी मोकळेपणी सांगितल्या आहेत. ‘व्यवस्था’ हा गुण, म्हणजे वस्तू जागच्या जागी आणि काम वेळच्या वेळी, त्याला जन्मभर साधला नाही. त्यावर तो एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि पात्याप्रमाणे ती सबंध लखलखीत करून मागितली. लोहार म्हणाला, चाक तू फिरव, मी घासतो. चाक जड. फिरवणारा दर थोड्या वेळाने येऊन कुऱ्हाड पाही. अखेर दमून म्हणाला, राहू द्या, मला ठिपकेवालीच आवडते. दुसरी कबुली गर्वाविषयी. गर्व पुरता जिंकला असे समजलो, तरी त्या विनयाचाच मला गर्व होईल, असा तिचा आशय आहे. फेऱ्याही पुढे वर्षातून एक झाल्या, मग काही वर्षांतून एक, मग अजिबात थांबल्या. वही तेवढी तो बरोबर बाळगीत राहिला.

आता ज्या वहीसाठी हा सगळा खटाटोप मांडला, ती. फ्रँकलिनहून तीन वर्षांनी लहान असलेला डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) हा इंग्रजी भाषेचा कोशकार. नववर्षाला, ईस्टरला आणि आपल्या वाढदिवशी तो प्रार्थना लिही आणि तिच्यापुढे संकल्प लिही. लवकर उठेन, धर्मग्रंथ वाचीन, रोजनिशी ठेवीन, आळस टाकीन. बहुतेक तेच संकल्प, वर्षानुवर्षे. १८ सप्टेंबर १७६४ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी झाली त्या दिवशी, तो लिहितो की आठवते तेव्हापासून मी चांगले जगण्याचे बेत करीत आलो आणि केले काहीच नाही. पुढच्या ईस्टरला तो आठ वाजता उठण्याचा बेत करतो. आठ म्हणजे काही लवकर नव्हे, हे त्यालाही ठाऊक आहे. परंतु हल्ली आपण पुष्कळदा दुपारी दोनपर्यंत अंथरुणात असतो, त्या मानाने हे लवकरच, असे तो स्वतःला समजावतो.

हे वाचताना प्रथम हसू येते आणि मग ते ओसरते. कारण ही काही आळशी माणसाची वही नव्हे. १७४६ साली पुस्तकविक्रेत्यांशी करार करून या माणसाने इंग्रजी भाषेचा कोश हाती घेतला आणि १७५५ साली सहा लेखनिकांच्या मदतीने सुमारे बेचाळीस हजार शब्दांचा तो ग्रंथ पुरा केला. त्याच काळात, १७५० च्या मार्चपासून १७५२ च्या मार्चपर्यंत, दर मंगळवारी व शनिवारी ‘रँब्लर’ हे त्याचे निबंधपत्र निघत असे. एकूण २०८ अंक, आणि चार-पाच सोडले तर सगळे त्याच्या एकट्याच्या हातचे. दोन वर्षांत एक खाडा नाही! १७५९ साली आई गेली, तेव्हा तिच्या उत्तरक्रियेचा खर्च आणि तिचे किरकोळ देणे भागवण्यासाठी त्याने ‘रासेलास’ ही कादंबरी आठवड्याभरातल्या संध्याकाळी बसून लिहिली, असे बॉस्वेलने नोंदले आहे. असा माणूस आठ वाजता उठू शकत नाही?

‘रँब्लर’चा १३४ वा अंक २९ जून १७५१ चा आहे. विषय चालढकल. उद्यावर टाकण्याच्या खोडीवर याहून मर्मज्ञ लिखाण क्वचित झाले असेल. त्याविषयी जॉन्सनच्या स्नेही श्रीमती थ्रेल यांनी एक ऐकीव हकीकत लिहून ठेवली आहे. चित्रकार रेनॉल्ड्सच्या दिवाणखान्यात बसून त्याने हा निबंध घाईघाईने लिहिला, आणि छापखान्यातला पोऱ्या मजकूर नेण्यासाठी ताटकळत उभा होता. इतिहास म्हणून ही हकीकत जशीच्या तशी घेता येत नाही. त्या साली रेनॉल्ड्स इटलीत होता. परंतु पोऱ्या खरा असावा, कारण ‘रँब्लर’चे कितीतरी अंक असेच अखेरच्या घटकेला, पुन्हा वाचूनही न पाहता छापायला गेले, असे बॉस्वेलही सांगतो.

आमच्या मते त्या पोऱ्यात जॉन्सनच्या सगळ्या वहीची किल्ली आहे. दाराशी पोऱ्या उभा असला की हा माणूस डोंगर उपसतो. पोऱ्या नसला की तोच माणूस पांघरूण दूर करू शकत नाही. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती काढतो म्हणून त्याने १७५६ साली वर्गणी जमवली. पोऱ्या नव्हता, तारीख लांबत गेली. १७६२ साली एका कवीने वर्गणी घेऊन पुस्तक न देणारा म्हणून त्याची जाहीर टर उडवली. आवृत्ती १७६५ साली आली. निर्धार दोन्ही वेळी तोच होता. फरक होता तो कोणी वाट पाहत आहे की नाही याचा.

आणखी एक गोष्ट ही वही उघड करते, आणि ती जॉन्सनच्या ध्यानात आली नसावी. तो संकल्प करी सकाळचा, आणि खोड वस्तीला होती मध्यरात्री. एकटेपणाचे त्याला विलक्षण भय वाटे. मनावर काळी छाया येई, वेड लागेल की काय अशी धास्ती असे. म्हणून तो रात्री माणसे धरून ठेवी. चहावर चहा, गप्पा, वादविवाद. कोणी उठू लागला की त्याला वाईट वाटे. पहाटे कधीतरी अंथरुणावर पडलेला माणूस आठला उठणार कसा? वीस-पंचवीस वर्षे त्याने सकाळीशी झुंज दिली आणि रात्रीला हात लावला नाही, कारण रात्रीला हात लावणे म्हणजे त्या भयाला हात लावणे. पुष्कळांचे संकल्प असेच चुकीच्या खोलीत शत्रू शोधीत असतात.

दारूच्या बाबतीत मात्र तो दीर्घकाळ जिंकला. बेताने पिणे मला जमत नाही, मुळीच न पिणे जमते, असे तो म्हणे. येथे संकल्प एका शब्दाचा होता, ‘नाही’, आणि त्यात पीप्सच्या हिपोक्रासला जागा नव्हती. १७४८ साली लिहिलेल्या एका रूपककथेत त्याने सवयींना ठेंगणी माणसे कल्पिले आहे. डोंगर चढणाऱ्याबरोबर ती चालतात, आरंभी दुर्बळ दिसतात, हळूहळू वाढतात, आणि त्यांच्या साखळ्या आवळल्या आहेत हे कळते तेव्हा तोडण्याची शक्ती उरलेली नसते. साखळी आधी कळत नाही, ही त्यातली खरी भीती.

तत्त्वज्ञान पुढे याहून सावध झाले. १८९० साली अमेरिकेतील विल्यम जेम्सने मानसशास्त्राच्या आपल्या मोठ्या ग्रंथात सवयीवर एक प्रकरण लिहिले. नवी सवय रुजेपर्यंत एकही अपवाद करू नका, हा त्याचा उपदेश. सूत गुंडाळताना गुंडा एकदा हातून पडला, तर कितीतरी वेढ्यांचे काम फुकट जाते, असा दृष्टान्त त्याने दिला. आम्हांला हा उपदेश थोडा जाचक वाटतो, आणि अलीकडच्या पाहणीने ते म्हणणे काहीसे सावरले आहे. २००९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना जेवणाबरोबर पाणी पिणे, व्यायाम करणे असली एकेक साधी सवय बारा आठवडे लावून पाहायला सांगितले. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. सवय २१ दिवसांत लागते, असे हल्ली जो तो सांगतो. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या शस्त्रवैद्याच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असे त्याने पाहिले होते. त्यातला ‘निदान’ वाटेत गळून पडला.

विलायतेतल्या वह्यांत इतका वेळ गेला, तेव्हा आपल्याकडे काय होते हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेलच. आपल्याकडे अशा वह्या विरळा, परंतु संकल्प हा शब्दच मुळी आपल्या पूजापाठातला आहे. पळीभर पाणी तळहातावर घेऊन गृहस्थ प्रथम आपण कोठे आहोत आणि केव्हा आहोत हे उच्चारतो: देश, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग स्वतःचे गोत्र आणि नाव, मग करावयाचे कर्म, आणि पाणी ताम्हनात सोडतो. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे हा आपला नित्याचा वाक्प्रचार, दान देताना असेच जे उदक सोडतात त्यातून आला. भटजी भराभर म्हणतात आणि यजमान कंटाळतो ही गोष्ट वेगळी. पण ‘कधीतरी लवकर उठेन’ असा संकल्प या चौकटीत करताच येत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. स्थळ, काळ, कर्ता आणि कर्म यांतले एकही मोघम ठेवता येत नाही. शिवाय भटजी, घरची मंडळी आणि समोरचा देव असे साक्षीदार आहेतच.

व्रतांना मुदत असते, हेही पाहण्याजोगे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडतात ते चार महिन्यांपुरते. सोमवार करायचे ते सोळा, आणि मग उद्यापन. जन्मभराची प्रतिज्ञा फार थोड्या ठिकाणी मागितली जाते. जेथे मागितली जाते, त्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राला सांगायला नको. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की मांस आणि मद्य सुटले, एकादशी आली आणि पंढरीची वारी आली. ती माळ गळ्यात दिसते. गावात, शेतात, बाजारात ती दिसते. घालणाऱ्याला स्वतःला आठवण राहावी म्हणून ती जितकी असते, तितकीच इतरांना दिसावी म्हणूनही. वर्षातून दोनदा हजारो माळकऱ्यांबरोबर चालायचे म्हणजे नियमाची उजळणीच. कित्येक पिढ्यांत कितीतरी घरांतून दारू गेली ती अशी गेली. पीप्सच्या पेटीपेक्षा आणि फ्रँकलिनच्या ठिपक्यांपेक्षा ही योजना जुनी, आणि आमच्या मते अधिक शहाणी. कारण तिच्यात मनुष्याला एकटे सोडलेले नाही.

मात्र इतरांच्या डोळ्यांचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकता येत नाही. लोकांची नजर नवी सवय जशी टिकवते तशीच जुनी सवय सोडू पाहणाऱ्याला धरूनही ठेवते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी प्याले, कोणी नुसता हात लावला. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि एका पेल्यावरून ग्रामण्य माजले, ते १८९२ पर्यंत चालले. रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज पुण्याच्या कोणत्याही चौकात सकाळी उभे राहून हे आठवावे! डोळे तेच, ते कोणत्या कामाला लावायचे, एवढाच प्रश्न.

कधी एकच डोळा पुरतो. जॉन्सन अंथरुणाशी झगडत होता त्याच दशकातली आपल्याकडची गोष्ट. थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात फार वेळ घालवू लागले आणि राज्यकारभाराची कामे खोळंबू लागली. रामशास्त्री प्रभुणे यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली आणि बजावले की, ब्राह्मणाचे कर्मच करायचे असेल तर आपणही चलावे. गादीवर बसायचे असेल तर प्रजेचे काम हाच आपला जप. माधवरावांनी ती सवय सोडली, अशी ही कथा ग्रँट डफनेही दिली आहे. माधवरावांनी सोडली ती वाईट सवय नव्हती. चांगली सवय सोडणे अधिक अवघड असते, कारण तिच्याबद्दल कोणी टोकत नाही. असे टोकणारा मनुष्य पदरी असणे हे त्या तरुण पेशव्याचे भाग्य.

पीप्सच्या पळवाटेपासून आपण निघालो. तिचे दुसरे टोक याच महाराष्ट्रात आहे. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा आईची समजूत पडावी म्हणून बेचरजी स्वामी या जैन साधूंपुढे त्यांनी मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा केली. लंडनमध्ये मांसाच्या व्याख्या तीन निघाल्या. एका व्याख्येप्रमाणे अंडी चालत होती, आणि त्यांनी काही दिवस खाल्लीही. मग विचार केला की, प्रतिज्ञा देताना आईच्या मनात मांस म्हणजे काय होते? अंडी त्यात येत होती. अंडी सुटली. प्रतिज्ञेचा अर्थ घेणाऱ्याने लावायचा नसून देणाऱ्याने लावायचा, हा निवाडा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने दिला. पीप्सपाशी रोजनिशी होती, दंड होता, कलमे होती. पण अर्थ लावणारा तो एकटाच होता.

हेच गांधी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, कॅलनबाख या सहकाऱ्यासह दूध सोडतात. १९१८ साली आमांशाने ते मरणाच्या दारी गेले. हवापालट म्हणून माथेरानला नेले, पण तेथील पाणी मानवले नाही. १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याशिवाय अंगात रक्त भरणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. व्रत आहे, असे गांधींचे. कस्तुरबा खाटेशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस हीच जनावरे होती, हे खरे होते. रौलट कायद्याविरुद्धचा लढा समोर होता आणि जगण्याची इच्छा प्रबळ होती. त्यांनी शेळीचे दूध घेतले.

वरवर पाहता हा महापौरांच्या मेजवानीतला हिपोक्रासचा पेलाच. येथे आम्ही कोणाचा न्याय करायला बसलो नाही. फरक आहे तो नोंदीत. पीप्सने देवाची क्षमा एका ओळीत मागितली आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागला. गांधींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी आश्रमाला व्रतांवर पत्रे लिहिली, त्यांत ‘शक्य तितके पाळीन’ म्हणणाऱ्याच्या दुबळेपणावर कडक बोट ठेवले आहे. असे लिहिणाऱ्याने त्याआधीच, १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमाने प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत, शेळीच्या दुधाचा हिशेब देऊन टाकला होता. व्रताचे अक्षर मी पाळले, आत्मा मारला, असा त्याचा आशय आहे. ते दूध आपल्याला आजही सलते, असेही त्यांनी तेथेच लिहून ठेवले. आणि ते दूध त्यांनी पुढेही चालू ठेवले.